खार, नटवी आणि मोठे भाऊ

ई-मेल हॉस्टिंगच्या धंद्यात मेलबॉक्स भरला की जुने मेल उडवावे लागतात. आमचा इक्बाल त्या कामात एकदम पटाईत! पण ऑफिसमधले किस्से उडवायचं बटण त्यालाही कधी सापडलं नाही, ते साठतच गेले. आजही आम्ही जुने लोक कुणाच्या लग्नात भेटलो की पहिली पाच मिनिटं गुडघेदुखी आणि मुलांच्या ॲडमिशन्स, आणि मग कोणीतरी म्हणतंच, "ए, तो खजुराचा सांग ना!" झालं! पंगत उठते, आम्ही उठत नाही.

तर गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. पनवेलला एसटी स्टँडजवळ, चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमची कंपनी. कंपनी म्हणजे तीन माणसं. मालक नंदूदादा म्हात्रे, सर्व्हर सांभाळणारा इक्बाल, आणि फोनवर बसणारी मी, माधवी. व्यापाऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या नावाचा ई-मेल पत्ता द्यायचा, हा आमचा धंदा. सर्व्हर भाड्याचा, तो कुठेतरी अमेरिकेत. पण फोन पनवेलचा! आणि तो दुसऱ्या रिंगला उचलायचा, ही माझी जबाबदारी.

आता गंमत अशी, की पासवर्ड टाकला की गिऱ्हाइकासमोर एक पान उघडायचं आणि त्यावर तीन चित्रं असायची. हॉर्ड, स्क्विरलमेल आणि राउंडक्यूब. त्यातलं एक आम्ही कायमचं लावून दिलं की पुढे थेट तेच उघडायचं. तिन्हीतून मेल तेच दिसायचे, फक्त बघायची तऱ्हा वेगळी. हॉर्डमध्ये कॅलेंडर, कामांची यादी, पत्त्यांची वही, सगळा संसार, म्हणून इक्बाल त्याला 'मोठे भाऊ' म्हणायचा. स्क्विरलमेल साधं, चपळ, पांढऱ्यावर निळी अक्षरं, बाकी काही नाही. ती झाली 'खार'. आणि राउंडक्यूब दिसायला इतकं देखणं, की मीच तिचं नाव 'नटवी' ठेवलं. पुढे गिऱ्हाईकंसुद्धा फोनवर, "मॅडम, माझी खार उघडत नाही," असं सांगायला लागली. खालच्या चष्मेवाल्याला आमच्या डोक्याबद्दल शंका यायची!

* * *

सगळ्यात आधी आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे नंदूदादाचे वडील, बाळाराम म्हात्रे. नेऱ्याकडच्या गावात घर, थोडी भातशेती, आणि आवाज असा की बांधावरून बोलले तरी ओढ्यापलीकडे ऐकू जावं. नंदूदादाने बंदरातली चांगली नोकरी सोडून हे ऑफिस काढलं, आणि आबांना काही केल्या कळेना की मुलगा विकतो काय!

"दुकान हाय तर माल कुठंय?" हा त्यांचा प्रश्न. नंदूदादा समजावून सांगायचा, आबा शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "ते सगला ठीक हाय. पन माल कुठंय?"

गावात कोणी विचारलं तर ते आपले ठोकून द्यायचे, "नंदू मशिनी रिपेर करतो." मग काय! गावाकडून माणसं यायला लागली. कोणी बंद पडलेला मिक्सर घेऊन, कोणी टेबल फॅन. एक आजोबा तर अख्खा टीव्ही टमटममधून घेऊन आले आणि जिना चढून धापा टाकत म्हणाले, "बालारामच्या पोराचा दुकान ह्योच ना?" नंदूदादा काही बोलायच्या आत इक्बालने टीव्ही उघडलासुद्धा. आणि चालू केला!

त्या दिवशी आबा खूश झाले. "आता कसा!" म्हणाले, "आता दिसला मना, पोरगा काय करतो ते!"

नंदूदादा हसला, पण मला त्याचा चेहरा दिसला होता. गिऱ्हाईकं वाढावीत असं त्याला वाटायचं, तसं सगळ्यांनाच वाटतं. त्याला त्याहून जास्त काय हवं असेल तर ते एवढंच, की एकदा आबांनी म्हणावं, हे काम आहे. हे तो बोलायचा नाही. पण आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेच हवं होतं. आपण जीव तोडून काम करायचं आणि मालकाच्या बापाने त्याला मिक्सर रिपेअरिंग म्हणायचं, कोणाला आवडेल?

* * *

सुरुवातीला इक्बाल कोणाला न विचारता सगळ्यांना मोठे भाऊ लावून द्यायचा. "सब कुछ है इसमें, और क्या चाहिए?" हे त्याचं म्हणणं. तसे त्याने एका निवृत्त हेडमास्तरांना लावून दिले. मास्तरांचे क्लासेस होते, हाताखाली चार शिक्षक, एक शिपाई.

महिन्याभराने मास्तर जिन्यातूनच ओरडत आले. "तुमचा ई-मेल बोगस आहे! एकही माणूस माझं ऐकत नाही!"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, त्यांचा मेल उघडला. तर पाठवलेला मेल एकही नाही! मग इक्बालला शंका आली आणि त्याने कामांची यादी उघडली. बघतो तर काय, 'शिपायाने खडू आणावेत.' 'देशमुख सरांनी वेळेवर यावे.' 'पाखरे मॅडमनी वर्गात मोबाइल वापरू नये.' अख्ख्या स्टाफला महिनाभर झाप झाप झापलं होतं मास्तरांनी, आणि ती यादी जगात फक्त एका माणसाला दिसत होती, ते म्हणजे स्वतः मास्तरांना!

"म्हणजे यातलं कोणालाच कळलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"नाही सर."

मास्तरांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "पाखरे मॅडमचं नाही कळलं ते बरंच झालं. गेल्या आठवड्यात मीच त्यांना आदर्श शिक्षिकेचं प्रशस्तिपत्र दिलं!"

त्याच दिवशी नंदूदादाने नियम काढला. यापुढे कोणाच्या गळ्यात काही मारायचं नाही. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, तिन्ही एकेक करून दाखवायचे, आणि पसंती त्याची त्याने सांगायची. आपण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कितीही विचारलं तरी! "मुलगी बघायला आलेल्याला आपण सांगतो का, हीच कर म्हणून?" असं म्हणून दादाने खालच्या टपरीवाल्याला सांगूनच टाकलं, नवीन गिऱ्हाईक आलं की कांदेपोहे वर पाठवायचे.

खरंच पाठवायचा तो! पनवेलमध्ये ई-मेल घ्यायला गेलं की पोहे मिळतात, ही बातमी कुठल्याही जाहिरातीपेक्षा लवकर पसरली. एक गृहस्थ तर पोहे खाऊन, तिन्ही बघून, "घरी विचारून सांगतो," म्हणून गेले. ते अजून विचारतायत!

* * *

उरणच्या वनिताताई कोळीण. हॉटेलांना मासळी पुरवायचा त्यांचा मोठा कारभार. अंगावर सोनं, हातात दोन मोबाइल, आणि जीभ कोयत्यासारखी. त्या बसल्या, पोहे खाल्ले, तिन्ही बघितले आणि म्हणाल्या, "हिते बगून काय उपेग? तुमच्या हापिसान सगलेच नाचतान. माज्या जेट्टीवर येऊन दाखवा."

"ताई, तिथे रेंज..."

"तेच तर बगायचा हाय!"

आता नियम म्हणजे नियम. गिऱ्हाइकाला निवडायला मिळालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं लॅपटॉप आणि डेटाकार्ड घेऊन जेट्टीवर. सोबत पोह्यांचा डबा, कारण बघण्याचा कार्यक्रम पोह्यांशिवाय कसा व्हायचा! वनिताताईंच्या शेडमध्ये बर्फाच्या पेट्यांवर तीन लॅपटॉप मांडले, तिन्हीला सारखीच डेटाकार्डं, आणि इक्बालने एक-दोन-तीन म्हणून तिन्ही एकदम सुरू केले.

पाच मिनिटांत अख्खी जेट्टी गोळा! जाळी विणणारे आले, बर्फवाले आले, एक म्हातारी टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली. "ती खारू येतंय बग!" "अरे नाय, ती रंगवाली पुढं हाय!" असा आरडाओरडा, जशी काही होड्यांची शर्यत! आणि खारीने मैदान मारलं. पहिला मेल दिसला तसा टाळ्या-शिट्ट्यांनी शेड दणाणली. थोड्या वेळाने नटवी आली, मुरडत मुरडत. मोठे भाऊ मात्र अर्धवट कॅलेंडर दाखवून अडकले ते अडकलेच.

आमचं सगळं आटोपलं, वनिताताईंनी जेवायला वाढलं, तळलेले बोंबील झाले, सोलकढी झाली, तरी मोठे भाऊ तिथेच! इक्बाल ओशाळून लॅपटॉप बंद करायला गेला, तर वनिताताई म्हणाल्या, "ऱ्हाऊं दे रे बाबा त्याला. भरतीला येल!"

* * *

हा खजुराचा.

पनवेलच्या मोहल्ल्यात एक हाजीचाचा होते. सुक्यामेव्याचं दुकान, इक्बालच्या अब्बांचे दोस्त. त्यांनी तिन्ही बघितले, खूप वेळ दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बेटी, तीनों अच्छे हैं. किसका दिल दुखाऊं?" आणि तिन्ही घेतले!

आता तिन्हीतून मेल एकच दिसतो, हे आम्ही सांगितलं होतं. पण चाचांच्या मनात पक्कं बसलं की मिळाल्या तीन पेट्या. मग त्यांचा दिनक्रम ठरला. सकाळी मोठे भाऊ उघडायचे, दुपारी खार, संध्याकाळी नटवी. दुबईच्या व्यापाऱ्याचा मेल आला, 'खजूर तयार आहे, नेहमीइतका पाठवू का?' चाचांनी सकाळी उत्तर दिलं, 'हो, पाठवा.' दुपारी खारीतही तेच पत्र दिसलं. चाचा सज्जन माणूस! पत्राला उत्तर न देणं त्यांच्या तत्त्वात बसेना. पुन्हा 'हो, पाठवा.' संध्याकाळी नटवीलाही, 'हो, पाठवा.' वर म्हणे, "बेचारे ने इतनी बार पूछा है!"

आणि तिकडच्या व्यापाऱ्याने पाठवला की तिप्पट माल!

इक्बालचा चेहरा पांढराफटक. "मर गए! अब्बा मला घरात घेणार नाहीत." आम्ही तिघं धावतपळत दुकानात गेलो. तर दुकानाबाहेर ही गर्दी! रमजान तोंडावर आलेला, बाकीच्या दुकानांतला चांगला खजूर संपलेला, आणि अख्ख्या पनवेलमध्ये माल होता तो फक्त चाचांकडे. चाचा गल्ल्यावर बसून घाम पुसत होते. आम्हाला बघून त्यांनी इक्बालला जवळ बोलावलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बेटा, चौथा नहीं है क्या?"

* * *

आता द्रोणागिरीचं इलेक्शन!

तिथल्या एका गोदामवाल्या कंपनीचं काम आमच्याकडे होतं. ही आमची सगळ्यात मोठी पार्टी. ती गेली असती तर ऑफिसला कुलूपच लागलं असतं. एक दिवस त्यांच्या मुंबईच्या हेड ऑफिसमधून एका साहेबांचा फोन आला.

"तुमचं ऑफिस पनवेलला आहे?"

"हो सर."

"आणि टेक्निकल सपोर्ट कुठून देता?"

"पनवेलहूनच सर."

"ओह!" म्हणाले. ते 'ओह' माझ्या कानात अजून आहे! जसं काही मी म्हणाले होते, आम्ही झाडावर राहतो. पुढे म्हणाले, स्टाफमध्ये प्रत्येकाचं वेबमेल वेगळं, हे चालणार नाही. सगळ्यांना एकच करा, नाहीतर आम्ही मुंबईच्या मोठ्या कंपनीकडे जातो.

इक्बाल म्हणाला, लावून टाकू सगळ्यांना एकच, विषय संपला. नंदूदादा ऐकेना. "एक म्हणाले ना? एकच देऊ. पण कुठलं, ते वापरणारे ठरवतील." आणि गोदामाचे मॅनेजर शेळके साहेब, तेही उत्साही माणूस! म्हणाले, "मग मतदानच घेऊ."

आता आपल्याकडे मतदान म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. तीन दिवसांत तीन पॅनेल उभी! बिलिंगमधल्या मुलींनी नटवीचं पॅनेल काढलं, अकाउंट्सवाले मोठ्या भाऊंच्या मागे, आणि गेटवरचे, डिस्पॅचवाले, झाडून सगळे खारीचे. खडूने भिंती रंगल्या. 'ताई माई अक्का, खारीवर मारा शिक्का!' ज्यांना ई-मेल पत्ताच नव्हता ते लोडर भांडत आले, की आम्हाला मत का नाही! शेळके साहेबांनी त्यांनाही दिलं. मोठ्या भाऊंच्या पॅनेलने आदल्या दिवशी वडे वाटले. नटवीच्या पॅनेलने आचारसंहितेचा भंग म्हणून तक्रार केली. वडे खाऊन केली!

खार दणक्यात निवडून आली. गुलाल उधळला, फटाके वाजले, गेटवर फ्लेक्स लागला, 'प्रचंड बहुमताने विजयी, समस्त कामगार वर्ग, द्रोणागिरी.' आणि कोणीतरी हौसेने फोटो हेड ऑफिसला पाठवला.

दोन तासांत मुंबईहून गाडी! 'ओह'वाले साहेब स्वतः, आणि सोबत वकील! त्यांची खात्री झालेली, की गोदामात युनियन आली. साहेब घामाघूम होऊन शेळक्यांना विचारतायत, "लीडर कोण आहे? मागण्या काय आहेत?" आणि शेळके सांगतायत, "सर, खार आहे. मागण्या काही नाहीत."

शेवटी नंदूदादाने साहेबांना खुर्चीत बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. वकील पोटावर हात ठेवून हसत होता. साहेबांनी फ्लेक्सकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं. त्यांच्या स्टाफमधला एकेक माणूस स्वतः निवडलेल्या वेबमेलवर इतका खूश होता, की ज्यांची हरली तेही मान्य करून मोकळे झाले होते. साहेबांनी काम आमच्याकडेच ठेवलं. लेखी दिलं! आणि निघताना नंदूदादाला बाजूला घेऊन, वकिलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "ते... मला पर्सनली ती नटवी मिळेल का?"

* * *

पुढे वर्षं बदलली. फुकटचे ई-मेल सगळीकडे झाले, मोबाइलमध्येच मेल दिसायला लागला, आणि मोठमोठ्या कंपन्या घरोघर फोन करून स्वस्त पॅकेज विकायला लागल्या. आमची गिऱ्हाईकं एकेक करून निघाली. हेडमास्तर गेले. सॉ-मिलवाले शहा गेले. निघताना वाईट वाटल्यासारखं करायचे, पण जायचे.

एकदा दुपारी नंदूदादा खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "आबा म्हणायचे तेच खरं असेल, माधवी. माल दिसायला लागतो." मला राग आला. रागच आला! मी म्हटलं, "दादा, हेडमास्तरांची यादी उघडून बघणारा माणूस त्यांना दुसऱ्या कुठल्या कंपनीत भेटणार आहे? जेट्टीवर कोण जाणार आहे?"

पुढच्याच आठवड्यात शहांचा फोन आला. मोठ्या कंपनीकडे मेल अडकला होता आणि दोन दिवस ते तिकडच्या फोनवरचं संगीत ऐकत होते. मी दुसऱ्या रिंगला फोन उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"माधवीबेन," शहा म्हणाले, "तुम्ही उचलला!"

शहा परत आले. येताना पोहे स्वतःच घेऊन आले.

* * *

आणि हा शेवटचा.

नंदूदादा त्या दिवशी द्रोणागिरीला गेला होता. अकराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली आणि दारात आबा. इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी, पायात चकचकीत चपला. इतक्या वर्षांत ते ऑफिसात कधी खुर्चीवर बसले नव्हते. दारातूनच वालाच्या शेंगांची पिशवी द्यायचे आणि परत फिरायचे.

"आबा, दादा बाहेर गेलाय."

"ठावं हाय. म्हनून आलोय. मी गिऱ्हाईक हाय आज."

इक्बालने पटकन खुर्ची पुढे केली. आबा बसले आणि म्हणाले, "तुमी लोकांना दाखवतांव ना कायतरी? तां मना दाखवा. आनी फुकट नको."

मी खाली पोह्यांचं सांगितलं. आमच्या कंपनीच्याच नावावर आबांचा ई-मेल पत्ता तयार केला आणि एकेक करून तिन्ही दाखवले. एवढ्या बारकाईने कोणी बघितलं नसेल! मोठ्या भाऊंचं कॅलेंडर उघडायला लावलं, नटवीतली बटणं एकेक दाबून बघितली, खार दोनदा बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. पोहे थंड झाले. मग खुर्चीत मागे टेकून त्यांनी विचारलं, "नंदूला कनचा आवरतो?"

"आबा, दादाला कुठला आवडतो ते आम्हाला सांगता येत नाही. नियम आहे."

"कोनाचा नियम?"

"दादाचा."

आबा सरळ होऊन बसले. "मंग नको सांगू," म्हणाले. आणि आणखी थोडा वेळ बघून त्यांनी मोठ्या भाऊंवर बोट ठेवलं. "ह्यो द्या. घरान मोटा मानूस पायजे."

मी सगळं लावून दिलं, पासवर्ड कागदावर लिहून दिला. म्हटलं, "आबा, आता पहिला मेल कोणाला पाठवायचा?"

"कंप्लेन कुठं करतान?"

"कसली कंप्लेंट?"

"गिऱ्हाईक हाय ना मी? मंग? कंप्लेन कुठं जाते?"

आमच्याकडे तक्रारीसाठी वेगळा पत्ता होता. तिथे मेल आला की त्याचं तिकीट तयार व्हायचं, ते थेट नंदूदादाच्या मोबाइलवर जायचं, आणि काम झालं की तोच ते बंद करायचा. मी तो पत्ता टाकला. आबांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. मी टाइप करत गेले, एक अक्षर न बदलता. मग त्यांनी स्वतःच्या बोटाने सेंडचं बटण दाबलं, थंड पोहे संपवले आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेले.

नंदूदादा परत आला तो मोबाइल हातात धरूनच. आला तसा माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि तिकीट पुन्हा वाचलं. मोठ्याने नाही, पण ओठ हलत होते. मला पाठच होतं ते.

'मालक दुपारचा जेवाला घरी येत नाय. आय ताट झाकून बसते. कती वर्सा झाली. बाकी तुमची सर्विस लय चांगली हाय. आमचे गावान सांगीन.'

माझे डोळे भरून आले होते, इक्बाल उगीचच वायर गुंडाळत होता. शेवटी त्यानेच विचारलं, "दादा, तिकीट क्लोज करूं क्या?"

"काम झाल्याशिवाय क्लोज करायचं नाही," दादा म्हणाला. टेबलावर नुकतीच ठेवलेली बाइकची चावी त्याने उचलली आणि तो जिना उतरला.

तेवढ्यात फोन वाजला. मुंबईचे 'ओह'वाले साहेब. अर्जंट होतं, नंदूदादाच पाहिजे होता.

"सॉरी सर," मी म्हटलं, "मालक जेवायला घरी गेलेत."